बेत फसतो तिथून पुढचा अभ्यासक्रम

बारावीनंतर पुढे काय, याची घरोघरी चर्चा सुरू झाली की पर्यटन आणि इव्हेंट मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमांची माहितीपत्रकंही हाती येऊ लागतात. विमान, समुद्रकिनारा, रोषणाईत न्हालेला रंगमंच आणि कोट घातलेले हसतमुख तरुण-तरुणी, असं त्यांचं साधारण रूप. हे शिक्षण आपल्याकडे नवं नाही. मुंबईची हॉटेल मॅनेजमेंटची संस्था १९५४ची, तर ग्वाल्हेरची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ची. आता तर विद्यापीठांच्या पदव्या, स्वायत्त महाविद्यालयांचे बी.व्होक., खासगी संस्थांच्या पदविका असे कितीतरी रस्ते आहेत. प्रश्न रस्त्यांच्या संख्येचा नाही, तिथे काय शिकवलं जातं याचा आहे. या अभ्यासक्रमांचा भर अजूनही बोलण्याचालण्यावर, इंग्रजीवर, सादरीकरणावर, पर्यटनाच्या व्याख्यांवर आणि प्रकारांवर असतो. मला वाटतं, या व्यवसायाचं खरं कसब ठरवलेला बेत फसल्यावर सुरू होतं. बेत फसू नये म्हणून आधी काय पाहायचं आणि तरीही फसला तर पुढच्या तासाभरात काय करायचं, हे शिकवणारा अभ्यासक्रमच या क्षेत्रासाठी माणसं तयार करू शकेल.

एके काळी प्रवासी कंपनीकडे असलेलं ज्ञान सामान्य माणसाकडे नव्हतं. गाड्यांची वेळापत्रकं, विमानांची भाडी, परगावच्या हॉटेलांचे फोन नंबर हे सगळं एजंटच्या टेबलावर असायचं. त्यामुळे तिकीट काढता येणं, आरक्षणाच्या संगणकप्रणाल्या चालवता येणं ही स्वतंत्र विद्या होती आणि तिच्यावर पोट भरता येत होतं. २००२मध्ये रेल्वेची तिकिटं इंटरनेटवर मिळू लागली, पुढे विमान कंपन्यांनी एजंटचं कमिशन कमी करत नेलं, आणि आज शाळकरी पोरसुद्धा मोबाइलवर हॉटेलची खोली घेतं. मग अजूनही लोक टूर कंपनीकडे का जातात? कारण काही बिनसलं तर धावून येणारं कुणीतरी त्यांना हवं असतं. ग्राहक पैसे आधी भरतो, सेवा नंतर मिळते, तीही त्याच्या ओळखीचं कुणी नसलेल्या गावात. आईवडिलांना यात्रेला पाठवणारा मुलगा तिकिटांपेक्षा या भरवशासाठी पैसे मोजत असतो. मोबाइलवरचं ॲप तिकीट देतं, पण सत्तरीतल्या बाईंना रात्री अकराला परक्या शहरात धाप लागली तर त्यांना दवाखान्यात नेत नाही.

हे कसब किती बारीकसारीक गोष्टींत असतं, याचं एक साधं उदाहरण घेऊ. चाळीस जणांचा गट रविवारी रात्री छत्रपती संभाजीनगरला पोहोचतो आहे. सोमवार आणि मंगळवार हाताशी आहेत, अजिंठा आणि वेरूळ पाहायचं आहे. बऱ्याच जणांना अजिंठ्याची ओढ जास्त, शिवाय पहिल्या दिवशी माणसं ताजीतवानी असतात, म्हणून शंभरेक किलोमीटरचा लांबचा टप्पा आधी, असा विचार कुणीही करेल. पण अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद. क्रम चुकला की दोन्ही दिवस बंद दारं पाहून परत यायचं. योग्य क्रम लावला, तरी काम संपत नाही. अजिंठ्याला आपली बस फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते, तिथून लेण्यांपर्यंत दुसऱ्या बसने जावं लागतं. चढण आणि पायऱ्या आहेत, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांसाठी डोलीची चौकशी आधी हवी. चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, तेव्हा गटाचे भाग पाडायला हवेत. गट जेवणाच्या वेळेपर्यंत परतणार नसेल, तर हॉटेलला कळवलेलं बरं. यातली कुठलीही गोष्ट अवघड नाही. मात्र त्या सगळ्या एकाच वेळी डोक्यात असणं आणि त्यांतली एक हुकली तर उरलेल्या कशा सरकतील हे आधीच मांडून ठेवणं, हेच आयटिनररी करणं आहे. परीक्षेत ‘सांस्कृतिक पर्यटनाचे महत्त्व विशद करा’ असं विचारून ते जोखता येत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याला वरच्यासारखा गट द्यावा, मध्येच ‘बस सिल्लोडजवळ बंद पडली’ असं सांगावं आणि पुढची मांडणी करायला लावावी.

बेत फसण्याची दुसरी जागा पैशाची, आणि तिच्याकडे वर्गात फारच कमी लक्ष जातं. १८४१मध्ये रेल्वेच्या एका दिवसाच्या सहलीपासून सुरू झालेली थॉमस कुक ही ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९मध्ये कोसळली, तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशांत होते. (भारतातली त्याच नावाची कंपनी तोवर वेगळ्या मालकीची झाली होती.) हे प्रवासी मायदेशी पोहोचले, कारण ब्रिटनमध्ये १९७३पासून विमानसहली विकणाऱ्यांना ग्राहकांच्या पैशासाठी हमीची व्यवस्था ठेवावी लागते. त्या व्यवस्थेच्या आधारे तिथल्या विमान प्राधिकरणाने विमानं भाड्याने घेऊन माणसं आणली. त्याच वर्षी मुंबईत मुख्यालय असलेली कॉक्स अँड किंग्ज दिवाळखोरीत निघाली. ही तर १७५८ची परंपरा सांगणारी कंपनी. आपल्याकडे तशी सक्तीची हमी नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची टूर ऑपरेटरांना मिळणारी मान्यताही ऐच्छिक आहे, आणि ग्राहकाला दाद मागायची ती ग्राहक आयोगाकडे. कायदा ढिला असेल तिथे व्यावसायिकाची स्वतःची शिस्तच ग्राहकाला वाचवते. उन्हाळ्याच्या सहलींसाठी आलेली आगाऊ रक्कम दिवाळीच्या सहलींची देणी भागवायला वापरली, की धंदा कसा आतून पोखरला जातो, हे टूर कॉस्टिंगच्या तासाला आकडे मांडून दाखवता येतं. रुपयाचा भाव घसरला, गटातली सहा माणसं ऐनवेळी गळली, हॉटेलने आगाऊ रक्कम परत करायला नकार दिला, तर माणशी खर्च कुठे जातो, हे गणित येत नसलेला पदवीधर उद्या लोकांच्या बचतीशी खेळणार आहे.

इव्हेंटच्या शिक्षणात तर हा मुद्दा जिवाशी येतो. जानेवारी २००५मध्ये वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेतल्या चेंगराचेंगरीत सुमारे ३०० भाविक मरण पावले. देवळाकडे जाणारी वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वर चढणारे आणि खाली उतरणारे समोरासमोर. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानात राज्य शासनाच्या पुरस्कार समारंभानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली. लाखोंचा समुदाय भर उन्हात तासन्तास बसला होता. या दोन्ही ठिकाणी रुंदी, वेळ, सावली, पाणी, येण्याजाण्याच्या वाटा या मोजता येण्याजोग्या गोष्टी निर्णायक ठरल्या. मोजण्याची पद्धतही उपलब्ध आहे. १९७१मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर ६६ प्रेक्षक चेंगरून मेले. त्यानंतर, १९७३मध्ये ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली आणि ती पुढे सुधारत गेली. तिच्यातला हिशेब असा, की सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसं बाहेर पडू शकतात, आणि पायऱ्या असतील तर ६६. आता आपल्याकडचं एखादं मैदान घ्या. माणसं पाच हजार, फाटक एक, तीन मीटरचं. ते रिकामं व्हायला किमान वीस मिनिटं लागतील. फाटकाशी वडापावची गाडी आणि चार मोटारसायकली उभ्या राहून एक मीटर अडला, की तोच वेळ अर्ध्या तासावर जातो. मांडवाला आग लागली तर अर्धा तास कुणाकडेच नसतो. हे त्रैराशिक दहावीच्या मुलालाही जमेल. तरीही फुलांची सजावट, प्रकाशयोजना, प्रायोजक मिळवणं यांना सत्रं दिली जातात आणि हे पाठ्यक्रमाच्या एखाद्या कोपऱ्यात राहतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४मध्ये गर्दीच्या नियोजनाची मार्गदर्शिका काढली आहे. ती वर्गात ओळन् ओळ वाचून घेतली, तर नव्या पुस्तकाची वाट पाहायचं कारण उरत नाही.

यावर म्हटलं जातं, की गर्दी सांभाळणं पोलिसांचं काम, आयोजकाचं नव्हे. बंदोबस्त पोलिसांचाच, हे खरं. पण मैदान कुठलं घ्यायचं, कार्यक्रम सकाळी सातला की दुपारी बाराला, खुर्च्यांच्या रांगांत अंतर किती, मुख्य पाहुणे उशिरा आले तर लोकांना काय सांगायचं, हे पोलीस ठरवत नाहीत. ते येतात तेव्हा मांडव उभा झालेला असतो. चुकीच्या जागी उभारलेल्या मांडवात उत्तम बंदोबस्तही फार काही करू शकत नाही.

याहून वजनदार आक्षेप असा, की हा धंदा रस्त्यावरच शिकायचा असतो. महाराष्ट्रात सहलींचं मोठं विश्व उभं केलं ते या विषयाच्या पदव्या नसलेल्या माणसांनी. केसरी पाटील यांनी १९८४मध्ये सुरू केलेल्या कंपनीसारख्या कंपन्यांनी मध्यमवर्गीय मराठी माणसाला काश्मीरपासून युरोपपर्यंत नेलं, तेही वरणभाताची सोय सांभाळून. त्यांचं ज्ञान अस्सल आहे, आणि महाविद्यालयांनी या माणसांना वर्षातून एकदा भाषणाला बोलावण्यापेक्षा शिकवायला बसवावं, असं मला मनापासून वाटतं. पण अनुभवातून शिकण्याची किंमत कुणीतरी मोजतं, आणि बहुतेकदा ती पहिल्या काही गटांतले प्रवासी मोजतात. शिवाय असं ज्ञान त्या कंपनीच्या चार भिंतींतच राहतं. विमान अपघाताचा चौकशी अहवाल प्रसिद्ध होतो आणि जगभरचे वैमानिक त्यातून शिकतात. सहल फसली तर कंपनी ती गोष्ट मिटवते, कारण नाव खराब होतं. पुढच्या कंपनीचा टूर लीडर तीच चूक पहिल्यापासून करतो. महाविद्यालयाला गिऱ्हाईक जाण्याची भीती नसते, म्हणून हे प्रसंग नावं गाळून, पण तपशील न गाळता लिहून ठेवणं त्यालाच जमेल. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळच्या बैसरणमध्ये दहशतवाद्यांनी २६ जणांचा बळी घेतला. त्यांत महाराष्ट्रातले सहा होते. त्या संध्याकाळी काश्मीरमध्ये अनेक मराठी गट होते आणि जम्मूकडे उतरणारा महामार्ग रामबनजवळच्या दरडींमुळे दोन दिवस आधीच बंद पडला होता. गट हॉटेलवरच ठेवायचा की श्रीनगरला हलवायचा, विमानाची जागा आधी कुणाला, घरच्यांना कोण आणि काय कळवणार, हे निर्णय तिथल्या टूर लीडरांनी घेतले. त्या रात्रीच्या त्यांच्या नोंदी कुणी गोळा केल्या, तर त्याहून चांगला पाठ या विषयाला मिळणार नाही.

नोकरी देणाऱ्यांना इंग्रजी आणि टापटीप हवी असते, मग महाविद्यालयाने दुसरं काय करावं, असंही विचारतात. मुलामुलींना पहिली नोकरी मिळणं महत्त्वाचं आहे, विशेषतः कर्ज काढून फी भरलेल्या घरातल्या. इंग्रजी शिकवायलाच हवं. पण काउंटरमागे उभं राहायचं काम यंत्राकडे झपाट्याने जात आहे, आणि तेवढ्यासाठीच तयार झालेला पदवीधर पाच वर्षांनी कुठे असेल? २०२०च्या टाळेबंदीत पर्यटनातले रोजगार सर्वांत आधी गेले. तेव्हा खर्चाचा हिशेब, करार वाचणं, गर्दीचं नियोजन, प्रथमोपचार येणाऱ्या माणसाला दवाखान्यात, गोदामात, निवडणुकीच्या कामात कुठेही जागा होती. इंटर्नशिपचाही विचार इथेच व्हायला हवा. लग्नसराईत विद्यार्थ्यांना स्वागतकक्षात उभं करून पहाटेपर्यंत राबवायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं, याला शिक्षण म्हणू नये. त्यांना कामाचे पैसे मिळावेत, आणि रोज काय बिनसलं, कुणी कसं सावरलं याची वही त्यांनी ठेवावी. गुण त्या वहीला असावेत.

यासाठी दूर जायची गरज नाही. २०१२मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात आला, त्यात कास पठार आहे. फुलांच्या हंगामात तिथे आगाऊ नोंदणी आणि रोजच्या संख्येवर मर्यादा घालून स्थानिक गावांच्या समित्या गर्दी आवरतात. वहनक्षमता हा शब्द पाठ करण्यापेक्षा त्या समितीबरोबर सप्टेंबरचे दोन आठवडे काढले, तर विषय अंगी मुरेल. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले आणि त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या पायथ्याच्या गावांत वाहनतळ, शौचालयं, वाटाड्ये, निसरड्या वाटांवरचा पहारा या सगळ्याला माणसं लागणार आहेत. आणि २०२७ला नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातली मुख्य स्नानं आहेत. त्याच नाशिकमध्ये २००३च्या स्नानाच्या दिवशी चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, आणि २०१५मध्ये शहराबाहेर वाहनतळ, तिथून बस आणि येण्याजाण्याच्या वेगळ्या वाटा अशी आखणी करून स्नानं पार पडली. या दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवून, रामकुंडाकडच्या गल्ल्यांची रुंदी स्वतः टेप लावून मोजून, मिनिटाला किती माणसं जातील याचा तक्ता नाशिकच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी एका सत्रात करू शकतील. तो तक्ता प्रशासनाच्या कामी आला तर उत्तमच, आणि नाही आला तरी तो करणारी मुलंमुली पुढे कुठल्याही मैदानात शिरताना आधी फाटकं मोजतील.