ताण दिलेली तार सुरात कशी आणायची

गिटारवर सोलो शिकणारे बहुतेक जण आधी वेगाच्या मागे लागतात. ऐकणाऱ्याला मात्र आधी खटकतं ते बेंडिंग: तार वर ढकलून स्वर चढवला, पण तो पोहोचलाच नाही. सतारीवरची मींड कानात मुरलेल्या आपल्या श्रोत्याला तर ते लगेच कळतं.

तपासायचं कसं? तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटवर अनामिका ठेवा, तो डी. दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट तर्जनीने दाबा, तो ई. दोन्ही तारा एकदम छेडून तिसरी वर ढकलत न्या. स्वर जवळ येऊ लागले की आवाजात थरथर सुरू होते, मग ती मंदावत जाते, आणि जुळले की थांबते. ट्यूनर लागतच नाही. जोर बोटांचा नको, मनगट फिरवा; अनामिकेमागे मधलं बोटही त्याच तारेवर टेकवा.

तारांच्या जाडीनेही फरक पडतो; बारीक, म्हणजे हलकी तार ढकलायला सोपी. पूर्वी हलके संच मिळत नव्हते, तेव्हा जेम्स बर्टनसारखे वादक गिटारवर बॅन्जोच्या बारीक तारा चढवत. आज ०.००९ इंचाच्या पहिल्या तारेचा संच कुठेही मिळतो. नवशिक्याने तोच घ्यावा. जाड तारांनीच ‘टोन’ येतो हा हट्ट मला पटत नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांनी रॉक गिटारवादक बिली गिबन्स यांनाही हलक्या तारांचाच सल्ला दिला होता.