अपग्रेडनंतर वाय-फाय जाते कुठे?

लॅपटॉपवर नवी लिनक्स प्रणाली चढवली, सगळे झकास सुरू झाले. फक्त वाय-फायच्या यादीत एकही नेटवर्क दिसेना. त्याच राउटरवर मोबाइल मात्र सुरळीत चालतोय. मग दोष कुणाचा?

२००८ साली उबुंटू या लिनक्स प्रणालीसह विकला गेलेला डेलचा छोटासा मिनी ९ लॅपटॉप घ्या. त्यात ब्रॉडकॉमची वायरलेस चिप होती. चिप आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, यांची गाठ घालून देतो तो ड्रायव्हर. ब्रॉडकॉमचा बंदिस्त ड्रायव्हर कर्नलसोबत येत नसे, तो वेगळा घालावा लागे. मापाने शिवलेल्या ब्लाउजसारखा तो त्या-त्या कर्नललाच बसतो. अपग्रेडमध्ये कर्नल बदलतो आणि ड्रायव्हर पुन्हा बेतावा लागतो. एरवी हे आपोआप होते. पण लागणाऱ्या फाइली नसल्या की काम अर्धवट राहते. चिप धडधाकट, पण तिच्याशी बोलणारे कुणी नाही!

शोध सोप्या गोष्टींपासून घ्यावा. आधी वाय-फायचे बटण चुकून बंद झालेले नाही ना, ते पाहावे. ‘आरएफकिल’ ही आज्ञा ते सांगते. मग ‘एलएसपीसीआय’ने चिप प्रणालीला दिसते का, ते तपासावे. दिसत असेल, तर लॅपटॉप सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नल निवडावा. त्यावर वाय-फाय चालले, की संशयाची सुई ड्रायव्हरकडे वळते.

ड्रायव्हर उतरवायलाही इंटरनेट लागतेच. अशा वेळी केबल किंवा यूएसबीने जोडलेला मोबाइल कामी येतो.

२०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. मिनी ९ची चिप त्यांत नव्हती.