अंकाचे पान कसे मांडावे

दारव्ह्याच्या आसपासच्या खेड्यांत कॉलेजचा वार्षिक अंक घरी आला, म्हणजे वडील मंडळी आधी काय करतात, ठाऊक आहे? आपल्या पोराचे नाव शोधतात. कित्येक घरांत नाव छापून येण्याची ती पहिलीच वेळ. ते नाव फुलापानांच्या चित्राखाली दडले, किंवा चष्मा लावूनही अक्षर लागेना, तर अंक फडताळावर जातो आणि पुन्हा खाली उतरत नाही.

अशा एका अंकाची पाने संगणकावर लावणाऱ्या विद्यार्थिनीने, अंक निघाल्यावर, पुढच्या खेपेसाठी काही टिपणे काढली. त्यांतली पहिलीच ओळ अशी : 'मी सजावट केली, मांडणी राहिली.' मोठी नेमकी गोष्ट बोलली पोरगी! अंक काढणाऱ्या मुलांनी आणि शिक्षकबंधूंनी हा फरक ध्यानात घ्यावा.

सजावट म्हणजे वेलबुट्टी. मांडणी म्हणजे वाचणाराच्या डोळ्याला वाट करून देणे. कपाशीच्या दोन तासांमध्ये डवरा चालेल एवढी जागा तुम्ही सोडताच ना? ओळींचेही तसेच. आपल्या अक्षराला शिरोरेघ. तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली पुन्हा उकार. इंग्रजी अक्षराचा एवढा पसारा नाही. म्हणून इंग्रजी मासिकाच्या मापाने ओळी बसवल्या, की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मजकूर जास्त, पाने कमी, तेव्हा या मुलीने ओळी दाटल्या होत्या. आता तिने ठरवले आहे : अक्षर १२ पॉइंटांचे, तर ओळीपासून ओळीचे अंतर १७-१८ पॉइंट. मजकूर मावत नसेल तर लेखाला कात्री लावावी, ओळींना नव्हे. हे संपादकाला रुचत नाही, पण इलाज नाही.

आपल्या लिपीचा हा पसारा छापणारांना पहिल्यापासून पुरला आहे. काना-मात्रा, जोडाक्षरे धरून शेकडो निरनिराळे खिळे हाताशी लागत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्याचे नाव झाले ते सुबक टायपामुळेच. पुढे काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत दिवाळी अंकांची चाल पडली. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे तर लोकांनी चौकटीत लावली. मुलांना हौस असते ती या मुखपृष्ठाचीच. असू द्या. पण १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, हेही मुलांना सांगा. मजकूर कोणता आणि चित्र कोणते, याचा विचार तिथे एकाच डोक्यात होई. आपल्याकडे लेख एकजण गोळा करतो, चित्रे दुसराच चिकटवतो. मग पावसाळ्याच्या कवितेशेजारी स्नेहसंमेलनाचा फोटो येतो.

टाइपांचे मोहही आवरावे लागतात. संगणकावर शेकडो मिळतात, म्हणून दर मथळ्याला नवा घेऊ नये. मजकुराला एक, मथळ्यांना एक, एवढे पुष्कळ. मजकूर युनिकोडमध्येच घ्या. जुन्या टाइपातली फाइल ज्या यंत्रावर तो टाइप नाही, तिथे उघडली की भलतीच अक्षरे उमटतात. आणि रंगीत पार्श्वभूमीवर रंगीत अक्षर? पडद्यावर झकास दिसते, कागदावर चिखल होतो.

वावराला धुरा, तसा पानाला समास. शिवणीकडचा समास जास्त सोडा, नाहीतर ओळींची टोके बांधणीत जातात. फोटोखाली नावे डावीकडून क्रमाने द्या आणि ती हजेरीपटाशी ताडून पाहा.

पूर्ण अंक छापायला देण्याआधी एकच पान खऱ्या मापात, खऱ्या कागदावर काढा. ते घरातल्या साठीच्या माणसाला दिवेलागणीला वाचायला द्या. बोलू काही नका, नुसते पाहत राहा. जिथे त्यांचे बोट थांबते, तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या मुलीने यंदा या कामासाठी आपल्या आजोबांना धरले आहे. पहिल्याच पानावर सात खुणा झाल्या.