पिशवीच्या ऑपरेशनआधी लघवीची वही

हिवरखेड नावाची दोन मोठी गावं आपल्या वऱ्हाडात आहेत. एक अकोल्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरं अमरावतीच्या मोर्शी तालुक्यात, संत्र्यांच्या पट्ट्यात. दोन्हीकडे चाळिशी ओलांडलेल्या बायकांत पिशवी काढण्याचा विषय घरोघरी निघतो. पण जिला गर्भपिशवीच्या त्रासासोबत लघवीचाही जुना त्रास आहे, तिच्यासाठी नेमकं कुणी काही सांगत नाही. हा लेख तिच्यासाठी आहे.

जुना त्रास म्हणजे काय, ते आधी पाहू. दर तासाला जावं लागणं, रात्री चारदा उठणं, लघवी भरत आली की ओटीपोटात दुखणं आणि केली की थोडं बरं वाटणं, खोकताना लघवी सुटणं, किंवा करूनही पूर्ण झाल्यासारखं न वाटणं. यातलं काहीही सहा आठवड्यांहून जास्त चाललं असेल आणि लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नसतील, तर हा नुसता ‘इन्फेक्शन’चा प्रकार नाही. लघवीची पिशवी, म्हणजे मूत्राशय, भरताना दुखत असेल तर त्याला वेदनादायी मूत्राशय म्हणतात. डॉक्टर ‘इंटरस्टिशियल सिस्टायटिस’ हे नाव घेतील. एकदम घाई होऊन आवरत नसेल तर तो अतिक्रियाशील मूत्राशय. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून आपला प्रकार कोणता हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं.

पहिली पायरी: ऑपरेशन खरंच लागणार आहे का? गर्भपिशवी आणि मूत्राशय एकमेकांना चिकटून असतात, मूत्राशय पुढे आणि गर्भपिशवी मागे. त्यामुळे दुखतंय कशामुळे, हे पोटावर हात ठेवून सांगता येत नाही. मूत्राशयाचं दुखणं पाळीच्या दिवसांत वाढतं, बाई सांगते ‘पिशवीच दुखते’, आणि गर्भपिशवी निघून जाते. दुखणं मात्र राहतं. वेदनादायी मूत्राशय हा गर्भपिशवी काढून बरा होणारा आजार नाही, हे मी ठासून सांगते.

उलट काही बाबतींत फायदा होतो. मोठी गाठ, म्हणजे फायब्रॉइड, मूत्राशयावर दाबत असेल तर ती निघाल्यावर वारंवार जाणं कमी होतं. अंग बाहेर येत असेल आणि त्यामुळे लघवी अडत असेल, तर शस्त्रक्रियेत ते सावरल्यावर मोकळी होते. म्हणून डॉक्टरांना थेट विचारावं: “गर्भपिशवी काढल्यावर माझा लघवीचा त्रास कमी होईल, तसाच राहील, की वाढेल?” या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नये.

घाई कशी होते हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिलं आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावर, पुढे कॅन्सर होईल अशी भीती घालून. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गरज नसलेल्या अशा शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांना लागू करायला सांगितली. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं म्हणजे पहिल्यांचा अपमान नव्हे. तो आपला हक्क आहे.

दुसरी पायरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: तीन दिवसांची वही. मुलांची जुनी दोनशे पानी वही चालते. मेडिकलमधून मिलीलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणावा आणि तो वेगळा ठेवावा. दर वेळी लघवी मगात करून वेळ आणि माप लिहायचं. एखादं पान असं दिसेल: पहाटे ५.१०, १८० मिली, दुखलं. ६.०० चहा, एक कप. ६.४०, ७० मिली, घाई. ८.१५, ६० मिली, खोकताना सुटली. किती प्यायलो तेही लिहायचं. लिहिता येत नसेल तर मुलगी किंवा सून लिहील, वाटल्यास आशाताईंना सांगावं.

इथे चूक होते ती अशी की वही लिहायची म्हणून बायका ते तीन दिवस शहाण्यासारख्या वागतात, चहा सोडतात, घरीच बसतात. तसं करू नये. कापूस वेचणीचे दिवस असतील तर त्यातला एक दिवस वहीत यायलाच हवा. शेतात आडोसा नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही, ही आपल्याकडची जुनी सवय. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीच घशाखाली उतरत नाही. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, घट्ट लघवी दुखऱ्या मूत्राशयाला आणखी झोंबते, आणि बाई समजते की प्यायल्यानेच दुखतं. वहीत हे दोन दिवसांत उघडं पडतं. चहा, ठेचा, आणि हो, मोर्शी-वरूडची संत्रीसुद्धा काही जणींना झोंबतात. सगळ्यांना नाही. वहीवरून आपल्यापुरतं कळतं.

तिसरी पायरी तपासण्यांची. लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते पाहणं. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी स्वच्छ बाटलीत द्यायची. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिक आधी खाल्ली असेल तर जंतू असूनही दिसत नाहीत. म्हणून नमुना आधी, गोळी नंतर.

कल्चरमध्ये जंतू नाहीत, पण पूपेशी मात्र वारंवार दिसतात, असं असेल तर डॉक्टरांना मूत्रमार्गाच्या क्षयाबद्दल विचारावं. टीबी फक्त छातीचा नसतो, आणि तो राहून गेला तर मूत्राशय आकसतं. लघवीत रक्त दिसलं, एकदाच का होईना, तर त्याची तपासणी ऑपरेशनआधी पूर्ण व्हायला हवी. याशिवाय साखर, रक्ताचं प्रमाण, गर्भपिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी, आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘लघवी केल्यानंतर किती उरते’ हे मोजायला लिहून घ्यावं. लिहिलेलं नसेल तर बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. हा एक आकडा पुढे फार कामी येतो.

आता कुठे जायचं. तेल्हाऱ्याकडच्यांना अकोटवरून अकोला सोयीचं: तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आणि जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. मोर्शीकडच्यांना अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय, म्हणजे डफरीन. मूत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे युरोलॉजिस्ट, हवे असतील तर अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला सगळे ‘सुपर’ म्हणतात, त्यांचा विभाग आहे. नाही तर नागपूर. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि युरोलॉजिस्ट दोघांनी आपली वही ऑपरेशनआधी पाहिलेली असावी. खासगी दवाखाना असेल तर विचारावं, लघवीच्या मार्गाला काही झालं तर युरोलॉजिस्ट किती वेळात येतील? ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्यावं, कागदपत्रांना वेळ लागतो.

चौथी पायरी, ऑपरेशनचा मार्ग ठरवणं. तीन मार्ग आहेत: खालून, म्हणजे योनीमार्गे (यात टाका बाहेर दिसत नाही); पोटावर छेद देऊन; आणि दुर्बिणीने. शक्य असेल तिथे खालून करणं बरं मानतात. पण आधीचं सिझेरियन असेल तर मूत्राशय गर्भपिशवीला चिकटलेलं असू शकतं, आणि ते सोडवताना इजेची शक्यता वाढते. सिझेरियन किती झाली, हे न विचारताही सांगावं. मूत्रपिंडाकडून येणारी मूत्रनलिका गर्भपिशवीच्या मुख्य रक्तवाहिनीखालून, तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. पाटाच्या पुलाखालून पाणी जावं तशी. पुलावर काम करताना खालचं पाणी सांभाळणं ही सर्जनची खरी कसोटी.

ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या संमतीपत्रकात पोटावरच्या शस्त्रक्रियेसाठी मूत्राशयाला किंवा मूत्रनलिकेला इजा होण्याचं प्रमाण हजारात सात असं दिलं आहे. म्हणजे नेहमी होत नाही, पण होतं. स्वीडनमधल्या नोंदींवरून २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की गर्भपिशवी काढलेल्या बायकांना खोकताना-शिंकताना लघवी सुटण्यासाठी पुढे ऑपरेशन करावं लागण्याची जोखीम दुपटीहून जास्त होती. ज्यांना आधीच सुटते त्यांनी हे डोळ्यांसमोर ठेवावं. ‘पिशवीचं तोंड ठेवलं की लघवीला त्रास होत नाही’ असंही ऐकायला मिळतं. अभ्यासांत तसा फरक दिसलेला नाही, तेव्हा तेवढ्यासाठी तोंड ठेवायचा आग्रह धरू नये.

पाचवी पायरी, आधीचा आठवडा. लघवीत जंतू असतील तर ते बरे करूनच टेबलावर जावं. चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात, नावं आठवत नाहीत. मूत्राशयाच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना सांगावं. पेंटोसान चालू असेल तर सर्जनना सांगावं, कारण तिने रक्त थोडं पातळ होतं. कोणती गोळी कधी थांबवायची ते त्यांनी ठरवायचं. ‘ऑपरेशन आहे’ म्हणून आपणच बंद करू नये.

ज्यांची लघवी आधीपासूनच अडते, उरते, त्यांनी स्वतः बारीक नळी घालून लघवी काढायला ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावं. ऐकायला अवघड वाटतं. पण नर्सने दोन-तीनदा शेजारी बसून शिकवलं की जमतं, आणि नंतर टाके ओढत असताना शिकण्यापेक्षा किती तरी सोपं जातं.

ऑपरेशनच्या दिवशी लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, घालतात. तिने मूत्राशय रिकामं राहतं आणि वाटेत येत नाही. सर्जनना आधी दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात: मूत्राशय दुखरं आहे, म्हणून बारीक नळी आणि सुन्न करणारी जेली वापरावी, आणि शक्य असेल तर शेवटी दुर्बीण मूत्राशयात घालून दोन्ही नलिकांतून लघवी येते का ते पाहावं. इजा तिथेच दिसली तर तिथेच शिवता येते. मग नळी आठ-दहा दिवस किंवा जास्त ठेवतात, घाबरू नये.

वॉर्डात आल्यावर सोबतच्या माणसाचं काम सुरू होतं. लघवीची थैली नेहमी पलंगाच्या खाली लटकवायची. चादर बदलताना सासूबाई मायेने ती पलंगावर, पायांशी ठेवतात, आणि लघवी उलटी मूत्राशयात जाते. नळीला पीळ पडलेला नाही ना, मांडीखाली दबली नाही ना, हे दर थोड्या वेळाने पाहावं. थैलीत दोन तास काहीच आलं नाही तर नर्सला बोलवावं. नळी असूनही कळ येऊन ‘जायचंय, जायचंय’ वाटतं. दुखऱ्या मूत्राशयाला ते जास्त होतं. ते सोसत राहू नये, त्यावर औषध असतं.

सहावी पायरी नळी काढल्यानंतरची, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. बहुतेकींची नळी दुसऱ्या दिवशी निघते. त्यानंतर चार ते सहा तासांत लघवी व्हायला हवी. ती आपल्या मगात मोजावी. मणक्यातल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे मूत्राशय भरल्याचं कळत नाही, बाई निवांत झोपते आणि आत अर्धा लिटरहून जास्त साचतं. थेंब-थेंब आली म्हणून ‘झाली’ असं सांगू नये. काठोकाठ भरलेलं मूत्राशयसुद्धा ओसंडून थेंब-थेंब गळतं. लघवीनंतर उरलेली मोजून घ्यावी. १०० ते १५० मिलीहून जास्त उरत असेल तर घरी जायची घाई नको. पण ऑपरेशनआधी आपली किती उरायची, तो सोनोग्राफीचा आकडा इथे दाखवावा. आधीच ९० उरत असेल तर १२० ही चिंता नाही.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तीन गोष्टी त्यावर आहेत का पाहाव्यात: अंडाशय ठेवले की काढले, मूत्राशयाला काही इजा झाली होती का, आणि काढलेल्या पिशवीचा तपासणी-रिपोर्ट कधी मिळणार. नसतील तर तिथेच लिहून घ्याव्यात.

घरी येताना निघण्याआधी लघवी करून घ्यावी, रस्त्यातल्या खड्ड्यांत भरलेलं मूत्राशय फार दुखतं. सहा आठवडे हंडा, कळशी, चाऱ्याचा भारा उचलायचा नाही. घट्ट शौचामुळे लघवीही अडते, म्हणून बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. घाई आवरायच्या काही गोळ्यांनीही पोट साफ होत नाही, तसं असेल तर डॉक्टरांना सांगावं.

साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास एका गोष्टीवर लक्ष ठेवावं. कळ न येता, उठता-बसता-झोपता सतत ओलं होत असेल, तर ते पांढरं जाणं समजून घरी बसू नये. मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेलं असू शकतं. लवकर गेलं तर कधी कधी नुसती नळी ठेवूनही लहान छिद्र भरून येतं. कमरेच्या वर एका बाजूला दुखून ताप आला, तर मूत्रनलिका अडली असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी जावं. लाजेपोटी नवऱ्यालाही न सांगता कापड बदलत राहिलेल्या बायका असतात, त्यांच्यासाठी हा परिच्छेद मी मुद्दाम लिहिला आहे.

दोन-तीन महिन्यांनी टाके भरले, पाळी गेली, आणि लघवीचा त्रास मात्र आहे तसाच राहिला, असं झालं तर ऑपरेशन फसलं असं समजू नये. तो वेगळा आजार आहे आणि त्याचे उपचार आता मोकळेपणी सुरू करता येतात: वेळ ठरवून जाणं, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, गोळ्या, मूत्राशयात औषध सोडणं. हे स्नायू आधीच आखडून दुखत असतील तर आवळण्याचा व्यायाम स्वतःच्या मनाने करू नये, फिजिओथेरपिस्टकडून स्नायू सैल सोडायला शिकावं. अंडाशयही काढले असतील, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. खालची त्वचा कोरडी पडून जळजळ आणि वारंवार लघवी सुरू होते, आणि पुन्हा अँटिबायोटिकचा फेरा मागे लागतो. अशा वेळी जागेवर लावायच्या इस्ट्रोजेन मलमाबद्दल डॉक्टरांना विचारावं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ते आधी सांगावं. इतर बहुतेकींना ते लावता येतं आणि काही आठवड्यांत फरक पडतो.