तूफान्सची वही : हॉकीच्या लिलावात चार कोटी कुठे खर्चावेत?

हॉकी इंडिया लीगच्या लिलावाची चाहूल लागली, की यंदा कोणते मोठे नाव घ्यायचे, याची चर्चा प्रत्येक संघाच्या चाहत्यांत रंगू लागते. हैदराबाद तूफान्सच्या चाहत्यांना ती अधिक बोचते. १ फेब्रुवारी २०२५ रोजी राउरकेला येथे झालेला अंतिम सामना त्यांच्या संघाने श्राची राढ बंगाल टायगर्सविरुद्ध ३-४ असा गमावला. निर्णायक गोल सॅम लेनने ५४व्या मिनिटाला केला. विजेतेपद इतक्या थोडक्यात हुकल्यावर आणखी एक तारा विकत घेतला की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. लिलावाचे आकडे मात्र तसे सांगत नाहीत.

मुळात लिलाव आणि ड्राफ्ट या दोन निराळ्या पद्धती आहेत. अमेरिका व कॅनडातील आइस हॉकीच्या एनएचएलमध्ये १९६३ पासून ड्राफ्ट चालतो. त्यात नवोदित खेळाडूंची निवड पाळीपाळीने होते आणि तळाच्या संघांना पहिल्या पाळ्या मिळतात. ती पद्धत आपल्याकडे असती, तर आठ संघांत उपविजेत्या तूफान्सची पाळी सातवी आली असती आणि चाहत्यांना उरलेल्यांतून कोण सापडेल एवढाच विचार करावा लागला असता. लिलावात पाळी नसते, थैली असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत झालेल्या लिलावात पुरुषांच्या प्रत्येक संघाला चार कोटी रुपयांची मर्यादा होती. तेवढ्यात २४ खेळाडू घ्यायचे होते : १६ भारतीय, त्यांत किमान चार कनिष्ठ गटाचे, आणि आठ परदेशी. मूळ किंमतीचे टप्पे होते दोन, पाच आणि दहा लाख.

हैदराबादच्या बेगम बाजारात हा हिशेब कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. निजाम अली खान यांची बेगम हमदा यांनी व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर वसलेली ही घाऊक पेठ भांडी, मसाले आणि सुकामेव्यासाठी ओळखली जाते. सगळे भांडवल काजूत घातले आणि दुकानात वेलची, खारीक, मनुका नसल्या, तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाते. (काजूचे मोल गोमंतकीय वाचकाला वेगळे सांगायला नको.) अशा पेठेतल्या एखाद्या हॉकीवेड्या दुकानदाराने तूफान्सची वही मांडली, तर पहिली नोंद सरासरीची असेल : चार कोटी भागिले २४, म्हणजे माणशी १६ लाख ६६ हजार.

दुसरी नोंद गोन्झालो पेयातची. तूफान्सने त्याला ६८ लाखांना घेतले. त्या लिलावातील तो सर्वांत महागडा परदेशी खेळाडू ठरला. एका माणसावर थैलीतला सतरा टक्के हिस्सा गेला. सौदा वाईट म्हणता येणार नाही. अर्जेंटिनाकडून २०१६ चे ऑलिंपिक सुवर्ण आणि जर्मनीकडून २०२३ चा विश्वचषक जिंकलेला हा ड्रॅग फ्लिकर अंतिम सामन्यातही दोन गोल करून गेला. सुमितसाठी ४६ लाख आणि जर्मन गोलरक्षक जाँ-पॉल डॅनेबर्गसाठी २७ लाख मोजले गेले. तिघांचे मिळून एक कोटी ४१ लाख झाले. उरले दोन कोटी ५९ लाख आणि जागा २१, म्हणजे माणशी सव्वाबारा लाखांच्या आसपास. खरा संघ या सव्वाबारा लाखांत बनतो.

ड्रॅग फ्लिकरचे मोल इतके का वाढते, याचे उत्तर नियमांत आहे. पेनल्टी कॉर्नरवर गोलच्या दिशेने मारलेला पहिला थेट फटका गोलरेषा ओलांडताना ४६० मिलिमीटरपेक्षा उंच असून चालत नाही. चेंडू स्टिकवर घसटत नेऊन फेकला, तर ती मर्यादा लागू होत नाही. तो थेट जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात जाऊ शकतो. बचावाला असतात गोलरक्षकासह पाच जण. त्यांतला पहिला धावपटू चेंडूच्या दिशेने स्वतःचे अंग घेऊन झेपावतो. म्हणून हरमनप्रीत सिंगवर सूरमा हॉकी क्लबने ७८ लाख लावले आणि तो लिलावातला सर्वाधिक आकडा ठरला.

परंतु बंगालने जुगराज सिंगला ४८ लाखांत घेतले होते, पेयातपेक्षा वीस लाख कमी देऊन. अंतिम सामन्यात त्याने २५व्या, ३२व्या आणि ३५व्या मिनिटाला गोल करून हॅटट्रिक साधली. तूफान्सनेही तीन गोल केले होते : दोन पेयातचे, एक तरुण अमनदीप लाक्राचा. गोल करणाऱ्यांची वाण नव्हती. कमी पडले ते गोल रोखणे, आणि वहीत पुढचा पैसा तिथेच लिहिला पाहिजे.

गोल रोखणारे तर स्वस्त मिळतात. त्या लिलावात आयर्लंडच्या डेव्हिड हार्टवर तामिळनाडू ड्रॅगन्सने ३२ लाख, नेदरलँड्सच्या पिरमिन ब्लाकवर बंगालने २५ लाख आणि मुंबईच्या सूरज करकेरावर टीम गोनासिकाने २२ लाख खर्च केले. साठही मिनिटे मैदानात राहू शकणाऱ्या माणसाचा भाव काही क्षणांसाठी पुढे येणाऱ्या फ्लिकरच्या निम्म्याहून कमी, ही बाजाराची विसंगती आहे. ती कायमची राहणार नाही. आहे तोवर तिचा फायदा घ्यावा. एक भरवशाचा भारतीय गोलरक्षक आणि कॉर्नरवर पहिली धाव घेणारे दोन निडर बचावपटू, एवढ्यासाठी ५० लाख राखून ठेवले तरी तो खर्च पेयातहून स्वस्त पडतो. भारतीय गोलरक्षकाचा आग्रह अशासाठी, की परदेशी खेळाडूचे वेळापत्रक त्याच्या राष्ट्रीय संघाच्या हाती असते.

बोली लावण्यापूर्वी त्या हंगामाची नियमावलीही वाचलेली बरी. २०१६ आणि २०१७ मध्ये याच लीगमध्ये मैदानी गोल दोन गोलांच्या बरोबरीने मोजला जात असे. तो नियम परतला, तर आघाडीच्या खेळाडूंचे भाव रातोरात चढतील आणि फ्लिकरवर रिकामी केलेली थैली महागात पडेल.

आता घराचा प्रश्न. २०२४-२५ मध्ये पुरुषांचा एकही सामना हैदराबादेत झाला नाही. नावात हैदराबाद असलेला संघ हैदराबादकरांनी पडद्यावरच पाहिला. गोवा आणि मुंबईला तर त्या हंगामात संघही नव्हता. लंडनच्या १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये लिओ पिंटो आणि वॉल्टर डिसोझा यांच्यासारखे गोमंतकीय भारतासाठी खेळले होते, हे ठाऊक असलेल्यांना ते सलते. हैदराबादचीही परंपरा पोरकी नाही. तीन ऑलिंपिक खेळलेले एन. मुकेश कुमार याच शहराचे. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीगचे पहिले विजेतेपद हैदराबाद सुलतान्सने मिळवले, तेही गचीबावलीच्या मैदानावर, आपल्याच प्रेक्षकांसमोर.

म्हणून चाहत्यांनी स्थानिक खेळाडूचा आग्रह जरूर धरावा, पण भावनेच्या भरात बोली चढवू नये. सक्तीच्या चार कनिष्ठ जागांपैकी एक तेलंगणाच्या मुलाला, मूळ किंमतीच्या दोन लाखांत किंवा फार तर पाच लाखांत द्यावी. चार कोटींच्या वहीत ही रक्कम फारशी जाणवत नाही. त्याला पहिल्या हंगामात बाकावरच बसावे लागेल, कदाचित दुसऱ्यातही. पण पेयातसारख्या फ्लिकरच्या कॉर्नरसमोर सरावात रोज पहिली धाव घेणारा मुलगा तिसऱ्या हंगामात लिलावाला आला, तर त्याची किंमत दोन लाख राहिलेली नसेल.