हजारात एक

रविवारी सकाळी चिकनच्या दुकानात नंबर लागला की मी मुद्दाम रस्त्याकडे बघत उभा राहतो. पिंजऱ्यातून कोंबडी निघते, काट्यावर चढते, सुरी फिरते आणि मग निळ्या पिंपात थोडा वेळ धडधड ऐकू येते. ती थांबली की दुकानदार विचारतो, ‘करी कट ना?’ एका कोंबडीला पाचेक मिनिटं जातात.

अमेरिकेतल्या मोठ्या कत्तलखान्यात एका लाइनवर मिनिटाला 140 जातात. तिथली नेहमीची वेगमर्यादाच तेवढी. पाय आकड्यात, डोकं खाली. डोकं वीज सोडलेल्या पाण्यात बुडतं, शुद्ध हरपते, पुढे फिरतं पातं मान कापतं, मग पिसं सुटावीत म्हणून कढत पाणी. युरोपचा कायदा पाण्यात किमान 4 सेकंद मागतो आणि कमी फ्रिक्वेन्सीला कोंबडीमागे 100 मिलिअँपिअर. पण मिनिटाला 140 चा वेग धरला, तर 4 सेकंदांत पाण्यात एकाच वेळी नऊ डोकी असतात. वीज नऊजणींत वाटली जाते, आणि सारखी नाही: जिच्या अंगाचा रोध कमी, ती जास्त ओढते. एखादीचा पाय आकड्यात सैल बसलेला असतो. एखादी ऐनवेळी मान उचलते आणि पाणी चुकवून पात्याकडे जाते, शुद्धीत.

धरू, हजारात एकच चुकली. परीक्षेत 99.9 टक्के पडले तर आपण पोराचा सत्कार करतो. इथे आठ तासांच्या एका पाळीत 67 हजार कोंबड्या होतात, म्हणजे रोज 67 चुकल्या. जगात वर्षाला कापल्या जातात 7,000 कोटींहून जास्त, सेकंदाला दोन हजारांवर. (सगळ्यांना आधी बधिर करतात असंही नाही, पण ते सोडा.) त्यांतली हजारात एक म्हणजे सात कोटी. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या गुजरातची लोकसंख्या सहा कोटी होती.

अमेरिकेत कायदा 1958 पासून आहे: आधी बेशुद्ध करा, मग कापा, धार्मिक पद्धतीला सूट. गाय, डुक्कर, मेंढी त्यात येतात. कोंबडी येत नाही. तिथे वर्षाला तीन-साडेतीन कोटी गुरं आणि तेरा कोटींच्या आसपास डुकरं कापली जातात. कोंबड्या 900 कोटींवर. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव जीव कायद्याच्या दाराबाहेर.

मासे या हिशेबात धरलेले नाहीत. त्यांची नोंद नगावर होत नाही, टनावर होते.