गावी गेल्यावर चंक्रमण

मे महिना लागला की आपल्या वस्तीतल्या कित्येक दारांना कुलूप लागते. कोकणातली मंडळी एसटीने मंडणगड, दापोली, संगमेश्वरकडे निघतात. घराची डागडुजी, लग्ने आणि बुद्ध पौर्णिमा यांतच रजा संपते. यंदा एक काम वाढवा. रोज सकाळी सगळ्या घराने मिळून अर्धा तास चाला, त्यातला थोडा वेळ न बोलता.

वस्तीत चालायला जागा कुठे असते? गल्लीत पाण्याची पिंपे, मोटारसायकली. मोठ्या रस्त्यावर धूर. आजीचे चालणे तर संडासापर्यंतच. सांधे आखडतात ते असे.

काही जण म्हणतील, गावाची ओढ आपल्याला कशाला? बरोबर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या कौतुकावर कठोर टीका केली होती. आपल्या आज्या-पणज्यांना गावातल्या काही वाटा आणि पाणवठे बंद होते. म्हणूनच त्या वाटांनी नातवंडांना घेऊन, पायात बूट घालून चालावे, असे मला वाटते. पाणी कुठून आणायची ते आजीला विचारा, ती जागा दाखवील.

चालणे आपल्या धम्मातलेच आहे. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, कष्ट सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता टिकते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, ती फार चढत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग पुरे. मुले गप्प राहत नाहीत. त्यांना पाखरांचे आवाज मोजायला सांगा.

ऊन चढण्याआधी घरी या. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी फिरू नये. पाय बधिर असला तर काटा कळत नाही, म्हणून घरी आल्यावर तळवे बघा. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर खिशात साखर ठेवा. घाम फुटला, हात थरथरले की लगेच खा. छातीत दुखले तर थांबा आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा.

कातळावर, दगडांच्या फटीत फुरसे असते. तिथे हात घालू नका, अंधारात बॅटरी घ्या. साप चावलाच तर मांत्रिक नको, करकचून बांधणे नको, ब्लेडने कापणे नको. चावलेला भाग न हलवता माणसाला सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच औषध चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका.

मुंबईला परतल्यावर विहाराच्या अंगणात किंवा गच्चीवरही हे चालू ठेवता येईल. चंक्रमणाला पंधरा-वीस पावलांची सरळ जागा पुरते.